माझ्या खुर्चीची जाहिरात

सिअॅटल,
९ जानेवारी २०२२

तीता रेमी,

तू पाठवलेले सुके मासे पोचले. काल तळले, आणि अर्ध्या तासात शेजारची बाई दार ठोठावून विचारायला आली, "सगळं ठीक आहे ना? काही मेलंबिलं नाही ना?" मी तिला भाताबरोबर दोन वाढून दिले. आज सकाळी तीच विचारत होती, हे मिळतात कुठे.

आता तुझा प्रश्न. चांगली चालती नोकरी सोडायला मला काय धाड भरलीय, हाच ना? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहून सांगते. शिवाय ही बाब कंपनीच्या संगणकावरून कुणालाही लिहू नये असं एका ओळखीच्या वकिलाने बजावलंय. तू पत्रं लिहिणारी मावशी, तर तुझ्याच पद्धतीने.

माझी कंपनी प्रोग्रामर लोकांना लागणारी हत्यारं बनवते. ती कशी वापरायची हे गावोगाव जाऊन शिकवायचं, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि परत येऊन आमच्याच इंजिनियरांशी भांडायचं, हे माझं काम. याला डेव्हलपर रिलेशन्स म्हणतात. परवा मी ग्रीन कार्डचा विषय काढला तर कंपनीचा वकील म्हणाला, "सरकारच्या यादीत असं कामच नाही. तू प्रोग्रामर आहेस, शिक्षिका आहेस की जाहिरात करणारी आहेस?" मी म्हटलं, "तिन्ही." तो म्हणाला, "तिन्ही चालत नाही." आणि फाइल मिटली. तुझ्या विभागातल्यांसाठी आम्ही अर्ज करत नाही, असं साहेबाने नंतर गोड शब्दांत सांगितलं.

माझ्या व्हिसाची सहा वर्षं सप्टेंबर २०२४ला संपतात. त्याच्या वर्षभर आधी कुठल्यातरी कंपनीने माझ्यासाठी अर्ज टाकला, तर मला इथे राहून वाट बघता येते. नाही टाकला तर गाशा गुंडाळायचा. म्हणून मी आता मुलाखतीला बसले की पगाराआधी तेच विचारते. एकीने सांगितलं, "वर्षभर काम बघू, मग बोलू." एक साहेब म्हणाला, "आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत." मी म्हटलं, मग घरच्यांनी लेखी द्यायला काय हरकत आहे? त्याने परत फोन केला नाही. अकरा कंपन्या झाल्या.

आईला यातलं काही कळवू नकोस. ती तिकडे फिलिपीन्समध्ये, लिपाच्या चर्चमध्ये माझ्या नावाने नऊ दिवसांची प्रार्थना लावेल आणि सगळ्या गावाला कळेल.

याया

*

व्हॅलेहो,
१८ जानेवारी २०२२

याया, माझ्या शहाण्या मुली,

अगं, मुलाखतीत पहिलाच प्रश्न कार्डाचा? कुणाकडे पाहुणी जाऊन चपला काढायच्या आधी जेवायला काय आहे विचारल्यासारखं झालं हे! मला बघ. १९९१ साली हॉस्पिटलने मला मनिलातून उचलून आणलं. दोनशे मुलींतून सहा जणी निवडल्या, त्यातली मी एक. मी कधी तोंड उघडून काही मागितलं नाही. डोकं खाली घातलं, काम केलं, आणि कार्ड आपल्या पावलांनी चालत आलं. तूही तेच कर. अमेरिकन माणसाला तोंडावर विचारलेलं आवडत नाही. तुला वाटेल म्हातारी जुन्या काळातली. असेन. पण कार्ड माझ्याकडे आहे की नाही?

बाकी तुझा अभिमान किती आहे म्हणून सांगू. इथे ज्याचं त्याचं पोर नर्स, नाहीतर नर्सचा नवरा. तू टोकियोत स्टेजवर उभी राहून हजार माणसांपुढे बोलतेस तो व्हिडिओ मी आमच्या वॉर्डमधल्या सगळ्यांना दाखवला, पेशंटनासुद्धा. तू काय बोलतेस ते कुणाला कळलं नाही, मला तर नाहीच, पण उभी कशी राहिलीस, वा! लोक विचारतात, ही नेमकं करते काय? तू लिहिलंस ते सांगायला गेले तर जांभया देतात. म्हणून मी आता सांगते, आमची याया प्रोग्रामर लोकांची हेडनर्स आहे. लगेच कळतं.

चर्चमधली टेसी अजून माझ्यावर धुमसतेय. तिची लेक आलोना नर्सिंग सोडून सॉफ्टवेअरच्या पदवीसाठी तुझ्याजवळ टॅकोमाला गेली आणि तुझ्या शनिवारच्या फुकट वर्गात जाऊन बसली, याला म्हणे मी जबाबदार. मी फक्त तुझा पत्ता दिला होता. पोरगी कशी आहे? काही येतं का तिला, की आईचं बोलणं खरं ठरणार?

मासे आणखी पाठवते. त्या शेजारणीसाठीही.

तुझी बडबडी तीता

*

सिअॅटल,
६ मार्च २०२२

तीता,

मिळाली! तेरावी कंपनी. लहान आहे, सत्तर माणसांची. इंग्रिड नावाची बाई माझी साहेब होणार. मी तोच प्रश्न विचारला, चपला न काढता. ती म्हणाली, "मला ठाऊक नाही, पंधरा मिनिटं दे." मला वाटलं, झालं, ही गेली. पंधरा मिनिटांनी ती वकिलालाच फोनवर घेऊन आली. नोकरीच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय की रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत ग्रीन कार्डचं काम सुरू करू. पगार आधीपेक्षा कमी आहे. मी ते पत्र छापून फ्रिजवर चिकटवलंय.

यांचा वकील दोन तास माझ्यासमोर बसला. माझ्या कामाला सरकारी भाषेत बसवायचं म्हणजे मांजराला पायमोजे घालण्यासारखं होतं, पण त्याने बसवलं. जागेसाठी लागणारी पात्रता अशी ठरली: सॉफ्टवेअरची पदवी, आणि लोकांसमोर कार्यशाळा घेऊन प्रोग्रामिंग शिकवल्याचा निदान दोन वर्षांचा अनुभव, लेखी दाखल्यासह. माझा दाखला जुन्या साहेबाकडून हवा. तो आजउद्या करतोय.

आलोनाचं विचारलंस. तिला येतं, आणि शिकवता तर त्याहून जास्त येतं. गेली दोन वर्षं बीकन हिलच्या वाचनालयातला आमचा वर्ग अर्धा तीच चालवते. परवा गोदामात काम करणाऱ्या एका माणसाला तिने असं समजावलं की तो उठून टाळ्या वाजवायला लागला. टेसीतीताला सांग, नर्सिंगचं नुकसान झालं, पण पोरगी वाया गेलेली नाही.

तुझी याया

*

सिअॅटल,
२४ एप्रिल २०२३

तीता,

वर्षभर तू दर पत्रात विचारतेस, कार्डाचं कुठवर आलं, आणि मी दर वेळी लिहिते, चाललंय. या कामाला निदान किती पगार द्यायचा, तो सरकारी आकडा यायलाच दहा महिने लागले. जुन्या साहेबाने दाखला द्यायला चार महिने घेतले, तोही इंग्रिडने स्वतः फोन केल्यावर.

आता मात्र खरंच चाललंय. सोबतचं कात्रण बघ, कालच्या रविवारच्या पेपरातलं. खालच्या कोपऱ्यात, जुन्या गाड्यांच्या जाहिरातींशेजारी. ते माझं काम आहे, तीता. पेपरात छापून आलंय. यादीत नसलेलं काम! मी दुकानातून तीन प्रती घेतल्या. दुकानदार म्हणाला, रविवारचा पेपर घेणारं तुमच्या वयाचं हे पहिलंच गिऱ्हाईक.

गडबडीत आहे, सविस्तर नंतर. रक्तदाबाची गोळी घेतेस ना?

याया

*

व्हॅलेहो,
३ मे २०२३

यायाऽऽ!

कात्रण मिळालं आणि मला आभाळ ठेंगणं झालं! तुझ्या कंपनीला तुझ्यासारख्या आणखी हव्यात! म्हणजे तू असं काम केलंस की त्यांना एकीवर भागेना. आमच्या वेळी असंच झालं होतं. आम्ही सहा जणी आलो, काम बघून हॉस्पिटलने पुढच्या वर्षी वीस मागवल्या. आणि तेव्हा आमची रीतच होती, कुठल्याही वॉर्डात जागा निघाली की पहिला फोन आपल्या माणसांना. जागा निघाली आणि आपल्या कुणाला कळलं नाही असं झालं तर ती नर्स कसली!

तर मी काय केलं माहितीय? कात्रणाचा फोटो काढला आणि आपल्या बातांगास प्रांतातल्या लोकांच्या फेसबुक गटावर टाकला. अकरा हजार माणसं आहेत त्यात. वर लिहिलं, "माझ्या भाचीच्या कंपनीत तिच्यासारखीच जागा निघालीय. ज्यांची मुलं इथे जन्मली, संगणक शिकली आणि घरी लोळत पडलीत, त्यांनी ताबडतोब अर्ज करा." कालपर्यंत चारशे जणांनी लाइकचा अंगठा दिलाय. टेसीनेही. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने मला फोन केला.

आता येतील बघ तुझ्या मदतीला हात. बॉसला सांग, माझ्या तीताने पाठवलेत.

तुझी अभिमानाने फुगलेली तीता

*

सिअॅटल,
८ मे २०२३

तीता,

हे पत्र बसून वाच. आणि चूक माझी आहे, हे आधी वाच. मी तुला नीट सांगितलं नाही. तू काळजी करशील म्हणून मी सगळंच "चाललंय" या एका शब्दात गुंडाळत आले.

ती जागा नवी नाही. ती माझीच जागा आहे.

सरकारचा नियम असा आहे. कंपनीला मला कायमचं ठेवायचं असेल तर तिने आधी दाखवून द्यायचं की या कामासाठी इथला लायक माणूस मिळत नाही. त्यासाठी माझ्याच खुर्चीची जाहिरात द्यायची, दोन रविवारी पेपरात, शिवाय भिंतीवर आणि आणखी दोनचार ठिकाणी. अर्ज आले तर ते प्रामाणिकपणे तपासायचे. इथला नागरिक, पात्रतेत बसणारा, एक जरी निघाला तरी माझा अर्ज तिथेच संपतो. मग महिनोन् महिने थांबून पुन्हा पहिल्यापासून. व्हिसा संपायच्या वर्षभर आधी अर्ज जायला हवा, म्हणजे माझ्याकडे या सप्टेंबरपर्यंतच वेळ आहे. पुन्हा पहिल्यापासून करायला तो पुरत नाही.

साधारणपणे अर्ज दोनतीनच येतात, कारण रविवारचा पेपर वाचतो कोण. आमच्याकडे त्रेसष्ट आले. इंग्रिडने मला एवढंच सांगितलं. यात मी नाक खुपसायचं नाही, अर्ज बघायचे नाहीत, कुणाला भेटायचं नाही.

फेसबुकवर जाऊन "अर्ज करू नका" असं लिहू नकोस. मी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, जाहिरात लोकांनी वाचावी म्हणूनच असते. वाचून अर्ज करणाऱ्याला अडवलंत तर तो गुन्हा. तू जे केलंस त्यात गैर काही नाही. फक्त, कुणीच ते कधी करत नाही.

गोळी घे. मी रागावलेली नाही. थोडी रागावले होते, शनिवारी. आता नाही.

याया

*

व्हॅलेहो,
१३ मे २०२३

माझ्या बाळा,

माझ्या बोटांना कीड लागली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस मी जेवले नाही. वॉर्डात सगळे विचारतात, रेमी आज डबा का उघडत नाही. तीस वर्षं मी लोकांना सुया टोचल्या, एक चुकली नाही, आणि एका बोटाने फोन दाबून तुझं घर मोडलं.

याया, ऐक. अर्ज करणाऱ्यांत टेसीची आलोनाही आहे. टेसीने मला आनंदाने सांगितलं. बाकीचे जाऊ देत, ते लोळणारे आहेत, पण आलोनाला तूच शिकवलंयस, ती पात्र निघाली तर? मी टेसीशी बोलते. तिच्या पाया पडते. ती पोरीला सांगेल, तुझ्या बाईंची जागा आहे ती, अर्ज मागे घे. आपल्यातली आहे, एवढं करेलच. तू फक्त हो म्हण.

रेमी

*

सिअॅटल,
२९ मे २०२३

तीता,

नाही. टेसीतीताशी एक अक्षरही बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला.

आलोनाला ठाऊक नाही ती जागा माझी आहे ते. तिला वाटतं, तू लिहिलंस तसं, आणखी एक हवीय. आणि ती पात्र आहे, टॅकोमाची पदवीही आता तिच्या हातात आहे. कंपनीच्या माणसांनी तिची मुलाखत घेतली, आता तिच्याकडे शिकवण्याच्या अनुभवाचा लेखी दाखला मागितलाय. ९ जूनपर्यंत. तिने शिकवलं फक्त आमच्या वाचनालयाच्या वर्गात. तो वर्ग चालवते मी. म्हणजे दाखला देऊ शकणारं माणूस जगात एकच आहे.

काल तिचा मेसेज आला. "दीदी, घाई नाही, पण जमलं तर लिहून द्याल? दोन ओळी पुरेत." तिला वाटतंय, ती मला त्रास देतेय.

वकिलाला विचारलं.  तो म्हणाला, "त्या वर्गाची प्रमुख म्हणून तिने मागितलेलं खरं ते लिहून द्यायला तुला कुणी अडवू शकत नाही. आणि लिहिलंच पाहिजे अशी सक्तीही नाही." म्हणजे मी नुसती गप्प बसले, प्रवासात होते, मेल बघितला नाही, तरी दहा दिवसांत सगळं आपोआप मिटतं. माझा जुना साहेब चार महिने गप्प बसलाच होता की.

मला सिअॅटल आवडतं, तीता. माझ्या खिडकीतून दिसणारी गोदीची क्रेनसुद्धा आवडते. मला जायचं नाही.

याया

*

व्हॅलेहो,
२ जून २०२३

याया,

लिहू नकोस.

तू कुणाचं वाईट करत नाहीयेस. पोरगी पंचवीस वर्षांची आहे, इथे जन्मलीय, अमेरिकेचा निळा पासपोर्ट घेऊन पाळण्यात झोपलीय. तिला उद्या दुसरी नोकरी मिळेल. तुला दुसरा सप्टेंबर मिळणार नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. प्रवासात जा. माझ्याकडे ये, मी आजारी आहे म्हणून सांग. मी आजारीच आहे.

तुझी तीता

*

व्हॅलेहो,
३ जून २०२३

याया,

कालचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. ते टपालात टाकून आले आणि मला माझीच लाज वाटायला लागली. तुला एक गोष्ट सांगते. तुझ्या आईलाही ही माहीत नाही.

आम्ही सहा जणी आलो होतो, त्यात एक ओफेलिया होती. माझी जिवाची मैत्रीण, आम्ही एका खोलीत राहायचो. १९९३ साली आम्हा सहा जणींना सलग दोन दोन पाळ्या लावायला लागले, अमेरिकन नर्सेसना नाही. एकदा ओफेलिया पेशंटच्या पलंगाशेजारी उभ्याउभ्या कोसळली. तिने तक्रार लिहिली. म्हणाली, एकटीची सही असेल तर मला वेडी ठरवतील, निदान आणखी एक सही दे. माझ्या कार्डाचे कागद तेव्हा हॉस्पिटलच्या टेबलावर होते. मी म्हटलं, विचार करून सांगते. मग मी तिच्यासमोर जाणंच टाळायला लागले. एकाच खोलीत राहून, याया! ती झोपली की मी यायची.

तिला काढलं. व्हिसा गेला, महिन्याभरात ती परत गेली. सामान बांधताना मला म्हणाली, "तू खोटं बोलली नाहीस रेमी, एवढं बरं केलंस." सात महिन्यांनी मला कार्ड मिळालं. सगळ्यांनी पॅनसिटच्या शेवया केल्या, लेचॉन म्हणून अख्खं भाजलेलं डुक्कर आणलं. मी ताट तसंच बाजूला सारलं, आणि सगळ्यांना सांगितलं, आनंदाने पोट भरलंय.

डोकं खाली घातलं आणि कार्ड चालत आलं, असं मी तीस वर्षं सांगत आले. ते असं आलं होतं.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. मला तो अधिकार नाही. मी काय केलं ते फक्त सांगितलं.

रेमी

*

व्हॅलेहो,
२० ऑगस्ट २०२३

याया,

अडीच महिने झाले, तुझं पत्र नाही. फोन उचलतेस, "बरी आहे, कामात आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. हेच तू आधी "चाललंय" म्हणायचीस.

आज टेसी आली. केक घेऊन! पाच किलोचं हसू होतं बाईच्या तोंडावर. आलोनाला तुझ्या कंपनीत घेतलं. तुझी साहेब म्हणाली म्हणे की हिला जाऊ देणं मूर्खपणा होईल, नवी जागा काढू पण घेऊ. आणि टेसीने पर्समधून एक कागद काढला. तू दिलेल्या दाखल्याची प्रत. तिने तो चर्चमध्ये वाचून दाखवलाय, दाताच्या डॉक्टरकडे वाचून दाखवलाय, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचला. "आलोना सालुद हिने तीन वर्षांत एकेचाळीस कार्यशाळा घेतल्या. त्यातल्या तीस मी स्वतः मागच्या बाकावर बसून पाहिल्या. ज्यांना आपल्याला हे जमणार नाही याची खात्री होती, अशा माणसांना तिने शिकवलं. मी माझ्या कामात भेटलेल्या उत्तम शिक्षकांपैकी ती एक आहे." दोन ओळी मागितल्या होत्या पोरीने, तू पूर्ण पान भरलंस!

टेसी वाचत होती आणि मला रडू येत होतं. तिला वाटलं तिच्या लेकीच्या कौतुकाने. मी तिला काही सांगितलं नाही.

एकच विचारते. माझ्या त्या दुसऱ्या पत्रामुळे दाखला लिहिलास का गं? मीच दोनदा तुझं मोडलं का?

तुझी तीता

*

सिअॅटल,
२७ ऑगस्ट २०२३

तीता,

नाही गं. तारीख बघ दाखल्यावर. २९ मे. तुला पत्र लिहिलं, चौकात जाऊन पेटीत टाकलं, परत येऊन जेवले आणि दाखला लिहायला बसले. तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, तोवर दाखला देऊन आठवडा झाला होता. पहिलं वाचून मी हसले. दुसरं मी जपून ठेवलंय.

कळवलं नाही कारण मला रडायला वेळ हवा होता आणि तुझ्यासमोर रडले असते तर तू माझ्याहून मोठ्याने रडली असतीस. माझा अर्ज जुलैतच बंद झाला. इंग्रिड स्वतः सांगायला आली, तिचेच डोळे लाल होते. म्हणाली, "तू हे का केलंस?"

मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगते. मी आधी खरंच दोन ओळी लिहायला बसले होते. पण एकेक शनिवार आठवायला लागला. तो गोदामवाला माणूस, त्याची बायको, ती केस कापणारी मुलगी जी आता इंजिनियर आहे. तीन वकिलांनी मला विचारलं, तू नेमकं करतेस काय? मला कधी धड सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी पान भरत गेलं आणि मला कळलं, मी हे करते. मला इतका अभिमान वाटला, तीता, की थांबता येईना. ते पान लपवलं असतं तर मग कार्ड कशासाठी मागत होते मी? त्याच कामासाठी ना?

आलोनाला मी अजून सांगितलेलं नाही. तिला पहिले सहा महिने सुखाने करू दे, मग मी स्वतः सांगेन. तिने माझं काही घेतलेलं नाही, हे तिला नीट समजावून सांगायला हवं.

आता पुढचं. सप्टेंबर २०२४पर्यंत मी इथेच आहे. नंतर लिपाला जाऊन तिथूनच काम करायचं, मनिला, हनोई, जकार्ता, सगळा आपला भाग माझ्याकडे, असं इंग्रिडने ठरवलंय. वकील म्हणतो, कंपनीशिवाय स्वतःच्या कर्तबगारीवर कार्डाचा अर्ज करायची एक वाट आहे, अवघड आहे, पण तिथूनही करता येईल. बघू. आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "तुझी खोली रंगवायला घेते," आणि ताबडतोब चर्चमध्ये गेली.

तुझी याया

*

व्हॅलेहो,
६ ऑक्टोबर २०२४

याया, माझ्या लिपाच्या मुली,

पोचलीस, आईने खाऊ घालून दोन किलो वजन वाढवलं, हनोईला जाऊनही आलीस, सगळं कळलं. तुझी आई आता फोनवर मला बोलू देत नाही. बरं झालं, कुणीतरी भेटलं मला.

मी ओफेलियाचा पत्ता मिळवला. ती ताल गावात असते, तुझ्यापासून फार लांब नाही. मी तिला पत्र लिहिलं. तुला भेटायला जा असं म्हणत नाही, माझं काम तुझ्या गळ्यात घालायचं नाही. उत्तर आलेलं नाही. येईलच असंही नाही. पण लिहिलं.

आता कालचं ऐक. टेसीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, दीडशे माणसं. आलोनाही आली होती. तू निघण्याआधी तिला सगळं सांगितलंस ते तिने मला सांगितलं. पोरगी माझ्याशेजारी बसली होती, आणि सारखी म्हणत होती, दीदींच्या जागी मी असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, जागा आली की कळतं.

तेवढ्यात आपली ती डोरोतेया आली, तीन मुलं, तिघंही डॉक्टर, ती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणते, "काय गं रेमी, तुझी भाची परत गेली म्हणे? एवढी हजार हजार माणसांपुढे बोलायची! कार्ड नाहीच मिळालं ना शेवटी?"  टेसी ताटात बघायला लागली. आलोना उठायला लागली, मी तिचा हात धरून खाली बसवलं.

एक वर्षापूर्वी हे ऐकून मी मेल्याहून मेल्यासारखी झाले असते. सांगितलं असतं की तीच कंटाळली, तिनेच नको म्हटलं. ओठांवर आलंही होतं. पण मी उभी राहिले, याया. गुडघे दुखतात तरी उभी राहिले, खुर्ची मागे सारली, आणि वॉर्डात डॉक्टरला हाक मारायचा माझा तो आवाज आहे ना, त्या आवाजात सगळ्या हॉलला म्हटलं, "नाही मिळालं. आता विचारा मला, का नाही मिळालं ते!"

तुझी तीता